सवाष्णीचे मोकळे हात

सौ. नलिनीस, बोरीवलीहून आशीर्वाद.

कालच इस्पितळातून घरी आलो. बरा आहे, घाबरू नकोस. फोनवर सगळ्यांसमोर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या पोटात नळीने डायलिसिसचं पाणी सोडणं-काढणं कल्पिताच करते. सोमवारी निघालेलं पाणी तिला गढूळ दिसलं. पोट दुखत होतं, कणकणही होती. मी म्हटलं, "गॅस असेल गं."

"बाबा, गॅसने पाणी गढूळ होतं का? उठा, रिक्षा आणते." ती त्या गढूळ पाण्याची पिशवीसुद्धा डॉक्टरांना दाखवायला बरोबर घेऊन निघाली.

नळीवाटे जंतू शिरून पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली होती. उशीर जिवावर बेतला असता, असं डॉक्टर म्हणाले. डायलिसिसच्या पाण्यातूनच अँटिबायोटिक दिलं. आता पाणी स्वच्छ येतंय.

सवाष्णीचे हात मोकळे कशाला, म्हणून तू व्हिडिओ कॉलवर तिला बोललीस. अगं, नळीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत धुवायचे, म्हणून ती बांगड्या उतरवते. आपल्याला अशी सून मिळाली, याचा मला अभिमान आहे.

तुझा गुडघा कसा आहे? पुढच्या महिन्यात मी गावी येतोय. कल्पिताही सोबत येईल, तुला सगळं शिकवेल. तुझ्या बांगड्या मी उतरवीन, आणि पाणी बदलून झालं की मीच पुन्हा भरीन.

तुझा,
दशरथ