उष्टी तिकिटं

ठाणे, माघ वद्य पंचमी, शके १८०८

प्रिय रघु,

तुझं पत्र पोचलं. पुण्याला बायकांना मास्तरीण करणाऱ्या शाळेत माझं नाव घालायचं तू ठरवलंस, हे वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू गेलं नि बोलणी खाल्ली. मामंजींचं काम संपलं की येते, असं मी तुला मागे कळवलं होतं. ते काम कसलं, हे मात्र तू हसशील म्हणून धड सांगितलं नव्हतं.

मामंजी मुंबईला एका जर्मन कापसाच्या पेढीत कारकून होते. तिथल्या टपालाची रिकामी पाकिटं ते हौसेने घरी आणत. तेव्हा जर्मनांची पुष्कळ राज्यं होती नि बहुतेकांची तिकिटं निराळी. आता सगळी मिळून एकच बादशाही झाली, त्यामुळे त्या जुन्या तिकिटांना साहेबलोक चांगला भाव देतात. पण मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हापासून त्यांचे डोळे मीच. त्यांनीच मला मुळाक्षरं गिरवायला लावली, मग ती परकी अक्षरंही. त्यांतल्या बव्हेरिया नावाच्या राज्याच्या तिकिटाच्या कागदात लाल रेशमाचा धागा असतो, उजेडाला धरला की दिसतो. धागा वरून रंगवलेला असेल तर तिकीट खोटं. कड कापताना कात्री जरा आत गेली असेल तर किंमत उतरली. मी पाहून सांगायचं, त्यांनी मोल ठरवायचं. खरं सांगू? मला गोडी लागली. माझ्या या केस उतरवलेल्या डोक्यात काही आहे, असं म्हणणारा या घरात तो एकच माणूस.

पण एक गठ्ठा संपत आला की माळ्यावरून दुसरा उतरतो. पुण्याचं नाव काढलं की मामंजी घोटभर पाणी पितात नि म्हणतात, "एवढं बव्हेरिया होऊ दे, सूनबाई." रागावले असते तर मीही भांडले असते रे. ते माया करतात, म्हणून माझं तोंडच बंद होतं. खिडकीशी बसून बसून मला कधी कधी श्वास पुरत नाही.

सासूबाईंना तिकिटांचा भारी विटाळ. परमुलखातल्या माणसांनी जिभेने ओली करून चिकटवलेली, म्हणजे उष्टी! काम करून उठले की आंघोळ केल्याखेरीज मला स्वयंपाकघरात पाऊल नाही. परवा मामंजी शेजाऱ्यांच्या सोबतीने कल्याणला गेले होते. मी विहिरीवरून येते तो काय, सासूबाईंनी सगळी पाकिटं घंगाळात बुडवून वर गोमूत्र शिंपडलेलं. शाई ओघळलेली, तिकिटं सुटून तरंगत होती. हाताला लागतील तेवढी मी बाहेर काढू लागले. आणि रघु, त्याच क्षणी मला हलकंही वाटलं. संपलं एकदाचं काम!

मामंजी परतले. ओली तिकिटं एकेक करून बोटांनी चाचपली. मग म्हणाले, तिकीट पेढीच्या पाकिटावर होतं तोवर त्याच्या खरेपणाची अर्धी साक्ष पाकीटच देत होतं. आता एकेक सुटं तिकीट नव्याने तपासावं लागेल, नाहीतर कोणी हात लावणार नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आहेस म्हणून निभावेल." दुसऱ्या सकाळपासून मी पुन्हा खिडकीशी. डोळे सारखे भरून यायचे, धागा दिसायचाच नाही.

आज मामंजी ओटीवर गेल्यावर सासूबाई आत आल्या नि चक्क माझ्याजवळ बसल्या. एक तिकीट हातात घेतलं. म्हणाल्या, "मला उष्ट्याचं काय पडलंय एवढं? वाटलं, ही पीडा बुडाली की तुला सोडतील." इतकी वर्षं मी त्यांना कजाग समजत होते. हे पत्र लिहायला मला त्यांनीच बसवलं आहे. शिवरात्रीला मामंजी दुपारपर्यंत देवळात असतात. तू सकाळच्या गाडीने ठाण्याला ये, पण घरी येऊ नकोस, कुणाची परवानगी मागू नकोस. सासूबाई मला स्टेशनावर आणून सोडतील. त्यांचा एकच निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "पुढे मी रडून बोलावणं धाडलं, तरी हिला परत पाठवू नका."

वाट बघणारी तुझीच,
गोदाताई