आधीच्या कॅनचा आकडा

अण्णा,

माझ्या नावावर अकरा लेख आहेत. तुम्ही गेलात तेव्हा एकही नव्हता, त्यामुळे हे सांगायचं राहून गेलं. आमच्या कामात दुसऱ्याने आपल्या लेखाचा आधार घेतला की त्याला सायटेशन म्हणतात, आणि माणसाची किंमत बरीचशी त्यावर ठरते. माझे दहा लेख जवळजवळ कोणी उघडत नाही. अकरावा चालतो. पाण्यातलं फ्लोराइड ओढून घेणाऱ्या एका पावडरीवर तो आहे; एक ग्रॅम पावडर किती फ्लोराइड धरते, तो आकडा सगळे उचलतात. त्याची सायटेशन वाढताना मला संगणकावर दिसतात, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी मला कधी काही लिहिलं नव्हतं. आई फोनवर विचारते, "छापून आलं का गं तुझं?" मी हो म्हणते. मग आम्ही टँकरबद्दल बोलतो.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा कोणीतरी लिहिलं. दुसऱ्या राज्यातली एक विद्यार्थिनी. "तुमच्या पद्धतीने चार वेळा पावडर केली, तुमचा आकडा येत नाही, माझं काय चुकतंय?" मी जुनी वही काढली. तिचं काही चुकत नव्हतं. ज्या नमुन्यावरून तो आकडा आला, तो मी इतर नमुन्यांपेक्षा जास्त घेतला होता, तसं पानावर लिहिलेलं आहे. पण वाळवल्यानंतरच्या वजनाच्या रकान्यात वरच्याच नमुन्याचं वजन शेवटच्या दशांशापर्यंत तसंच उतरलेलं आहे. म्हणजे मी याचं वजन घेतलंच नव्हतं. वजन कमी धरलं गेलं, म्हणून एका ग्रॅममागचा फ्लोराइडचा आकडा होता त्यापेक्षा मोठा आला. मासिकाला दुरुस्ती कळवली तर ती कायमची लेखाच्या डोक्यावर बसते. ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या सरांना वही दाखवली. ते म्हणाले, "कोण येतंय तुझी वही बघायला? पुढच्या महिन्यात कायमच्या जागेची मुलाखत आहे आणि तुझ्या यादीत हा एकच लेख बोलतो." ते वाईट माणूस नाहीत. आणि खरंच, कोणी येणार नाही.

तेव्हापासून शिरूर कासारकडच्या आपल्या गावातली दूध संस्थेची ती पत्र्याची खोली आठवते. दुष्काळाचं साल आहे, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, रांगेत सगळी म्हातारी माणसं. तुम्ही लॅक्टोमीटर दुधात सोडता, मी शेजारी पोत्यावर बसून थर्मामीटरने तापमान बघते, तुम्हाला सांगते आणि वहीत लिहिते. दूध गरम असेल तर लॅक्टोमीटर खोल जातो, डिग्री कमी दिसते आणि चांगलं दूधही पाणी घातल्यासारखं वाटतं. म्हणून तापमान बघून डिग्री वाढवून धरायची, हे मला चौथीत पाठ होतं. एकदा मी चुकलेला आकडा रबराने पुसला. तुम्ही सगळ्यांसमोर हात धरलात. "पुसायचं न्हाई. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पायजे, बाजूला सही." मी विचारलं, "कावून?" "चूक कुठं झाली ते मागून येणाऱ्याला कळाया पायजे." दुसऱ्या दिवशी पेन्सिल काढून घेतलीत आणि निळा पेन दिलात. तो माझा पहिला पेन.

आणि लांबच्या वस्तीवरच्या मावशी. उन्हातून डोक्यावर कॅन घेऊन आल्या. डिग्री कमी भरली. तुम्ही म्हणालात, "पाणी हाय, मावशी." त्या म्हणाल्या, "घालाया पाणी हाय का गावात? टँकर येऊन चार दिस झाले. आसतं तर मी पेले नसते का, भाऊ?" रांग हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "मावशीनं घाम गाळला आसंल कॅनात!" तुम्ही हसला नाहीत. कॅन परत केलात. दुसऱ्या संध्याकाळी त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तुम्ही वस्तीवर गेलात, समोर म्हैस पिळायला लावलीत, दूध निवू दिलंत आणि मोजलंत. त्या संध्याकाळी रांगेसमोर म्हणालात, "मावशी, चूक माझी झाली. दूध चोख व्हतं. गरमी धरायची राह्यली." मावशींनी डोक्यावरची चुंबळ काढून झटकली. "बरं झालं. मला वाटलं, म्हशीनंच पाणी घातलं." मग तुम्ही वहीत रेघ मारलीत आणि बाजूला तुमची सही केलीत.

आज रविवार आहे, प्रयोगशाळेत मी एकटीच आहे. मासिकाच्या दुरुस्तीच्या अर्जात चुकीचं कारण एका वाक्यात मागतात. मी लिहिलं, आधीच्या नमुन्याचं वजन उतरवलं गेलं. मग 'गेलं' खोडून 'मी उतरवलं' असं केलं आणि पाठवून दिलं. त्या मुलीलाही कळवलं. सरांना उद्या सांगेन. मुलाखतीचं जे व्हायचं ते होईल.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. रांगेसमोर तुम्ही चूक माझी म्हणालात तेव्हा मी तुमच्या शेजारीच होते, हातात निळा पेन घेऊन. तापमान तुम्ही धरलं होतंत, अण्णा. मी सांगितलेलं. सगळ्यांचं सारखंच तर येतं, म्हणून मी आधीच्या कॅनचा आकडा लिहिला होता. मावशींच्या दुधात थर्मामीटर बुडवलाच नव्हता.