थोरल्याकडून आलेले बदल

१९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. माझं डोकंही ठिकाणावर आहे. पुढचं वाचून शंका येईल म्हणून आधीच सांगून ठेवते.

दादाचा कॉम्प्युटर तू रविवारी त्यातलं सगळं पुसून त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी देणार आहेस ना? नको देऊस.

दादानं त्याच्या आणि माझ्या कॉम्प्युटरची सगळी मांडणी, म्हणजे रंग, अक्षरं, माऊसच्या सवयी, इंटरनेटवरच्या एकाच सामायिक साठ्यात ठेवली होती. एकीकडे काही बदललं की त्याची आपोआप नोंद होते आणि तो बदल दुसरीकडे पोचतो. "कुठेही बैस, चपला दाराशीच सापडतील," म्हणायचा. त्याच्या मशीनचं नाव थोरला, माझ्या मशीनचं धाकटी.

तो गेल्यावर महिनाभर काहीच आलं नाही. मग एका दुपारी माझ्या पडद्यावर नोंद उमटली: "थोरल्याकडून बदल: अक्षर मोठं." आणि माझी अक्षरं टपोरी झाली. मी ती लहान केली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठी! तुला फोन केला तेव्हा म्हणालीस, "त्याच्या खोलीत कुणी पाऊलही टाकत नाही गं."

मग मी घाबरायचं सोडलं आणि चक्क भांडायला लागले. "आगाऊपणा पुरे हं," असं पडद्याला सांगायचे. दुपार व्हायची वाट बघायचे.

सोमवारी माझ्या माऊसची बटणं उलटी झाली. डावखुऱ्या माणसासाठी करतात तशी.

घरात डावखुरे फक्त बाबा. तू ऑफिसला गेलीस की ते त्या खोलीत जाऊन बसतात. दादाचं जुनं काहीबाही वाचत असणार. त्यांना चष्म्यातूनही बारीक दिसत नाही, आणि मी रोज त्यांच्यापुढची अक्षरं बारीक करत होते.

बाबा आहेत हे कळल्यावर खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मी ढसाढसा रडले. वहिनी, माझ्यापुरता दादा सोमवारी गेला.

बाबांना यातलं काही विचारू नकोस. फक्त निघताना खोलीचं दार उघडं टाकत जा. आपल्याच घरात चोरासारखं जायला नको त्यांना.

गेलेल्या भावाशी मी इतकं बोलले, आणि बाबांशी त्याच्याबद्दल अजून एक शब्दही बोललेली नाही. शनिवारी येतेय.

तुझी,
नणंद