देव्हाऱ्यातला सरदार

११ नोव्हेंबर १९९३, गुरुवार

कंपनीच्या गेटवर मीटिंग. विषय विद्यापीठाचं नामांतर. चौदा मिनिटं बोललो, हातात कागद नव्हता. शेवट असा केला: "जन्म हे कर्तृत्व नाही. ज्याला आपल्या खापरपणजोबाचं नाव माहीत असेल त्याने ते पोटात ठेवावं आणि आपण काय केलं ते सांगावं." टाळ्या. शिफ्टचा भोंगा झाला तरी लोक हलेनात. सखाराम म्हणाला, "तू बोलाया लागला की प्रेस मशिनबी गप बसतं." सखाराम माझ्या गावचा, गंगापूरकडचा. माझ्याच शॉपमध्ये फिटर. वाळूजमध्ये नामांतराचं सगळं काम त्याच्या खांद्यावर. पोस्टरं चिकटवण्याची खळसुद्धा तोच शिजवतो. मी फक्त बोलतो, पण बोलण्याला महत्त्व आहे.

घरी बायको, वच्छला, दिवाळीसाठी देव चिंचेने घासत बसली होती. शेवटी ती गोल पितळी वस्तू आली. लहानपणापासून तिला 'सिंहदेव' म्हणतोय, हळदीखाली दडलेला. आज पहिल्यांदा लख्ख पाहिला. मुकुट आहे. मुकुटावर सिंह. मागे एक छोटी कडी.

मागच्याच आठवड्यात लायब्ररीतून युरोपातल्या सरंजामदारांवरचं जाड पुस्तक आणलं होतं, भाषणात झोडपायला. पान २११. एका ड्यूक घराण्याचं चिन्ह. मुकुट आणि सिंह.

वच्छला म्हणाली, "मला तर ही कोटाची गुंडी वाटते." मी हसलो. तिचं शिक्षण सातवी.

१३ नोव्हेंबर, शनिवार

विचार केला. आपल्या शहरात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी फ्रेंच फौजा होत्या. आमचे पूर्वज मेंढरं घेऊन याच माळांवर हिंडत. एखादा थकलेला सरदार, एखादी मेंढपाळ कन्या. बाकीचं इतिहास समजून घेईल.

दुसरा पुरावा: माझ्या वडिलांचे, आबांचे, डोळे म्हातारपणी घारे, जवळजवळ निळसर होते. बानाआत्याचेही तसेच होत चाललेत.

संकल्प: एक, ही केवळ शास्त्रीय जिज्ञासा. दोन, अभिमान शून्य. तीन, सखारामला सांगायचं नाही. त्याचा गैरसमज होईल.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

शहागंजात फोटो स्टुडिओत सिंहाचा फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, "चोरी का माल है क्या साहब? पुलिस वाले ऐसाइच फोटो निकालते." ब्रसेल्सच्या एका वंशावळ संस्थेला फोटो आणि साडेचार पानांचं पत्र धाडलं. पत्ता जुन्या इंग्रजी मासिकातला. संस्था हयात असेल अशी आशा.

क्रांतीच्या बाजूने उभे राहिलेले उमराव जगाच्या इतिहासात कमी नाहीत. उलट त्यांचा त्याग मोठा मानला जातो.

२१ नोव्हेंबर, रविवार

छावणीतल्या गोऱ्या लोकांच्या कब्रस्तानात गेलो. एका फुटक्या दगडावर मुकुटासारखं काहीतरी आहे. नाव झिजलंय. झिजलेलं नाव कोणाचंही असू शकतं, म्हणजे आमचंही. तिथे बराच वेळ उभा राहिलो.

वॉचमन म्हणाला, "रिश्तेदार हो क्या? अच्छा हुआ आए. इत्ती घास हो गई, कोई पूछताइच नै." विळा त्यानेच दिला. दुपारपर्यंत गवत काढलं.

घरी हाताला फोड. वच्छलाने हळद लावली आणि विचारलं, "आबांच्या समाधीवरची बाभळ कधी तोडणार? तीन वर्षं झाली." विषयांतर.

२८ नोव्हेंबर, रविवार

पुंडलिक भाट आला. दर दोन-तीन वर्षांनी येतो, आमच्या लोकांच्या पिढ्या वाचून दाखवतो, नवीन जन्मलेली पोरं पोथीत चढवतो, घोंगडी घेऊन जातो. सहज विचारलं, पोथीत कोणी परदेशी पुरुष आहे का. म्हणाला, "कुठला?" म्हटलं, फ्रान्स. म्हणाला, "कोन्या तालुक्यात येतं?"

समजावलं. त्याने चष्मा पुसला. "मालक, तुमी सांगा, मी घालतो. सातव्या पिढीत जागा हाय. मागल्या साली बिडकीनला येका घरात राजपूत घातला, जमीन इकून पैसं आल्यावर त्यांना बी असंच कायतरी पायजे व्हतं."

मी म्हणालो, असं नको, पुरावा मिळाल्यावर. तो म्हणाला, "मंग पेन्सिलनं घालतो." घातला. मी त्याला दोन घोंगड्या दिल्या, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

५ डिसेंबर, रविवार

सखाराम घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, येत्या २६ तारखेला आपल्या गावात सभा ठेवलीय. आमची वस्ती आणि तुमची वस्ती, एकाच मांडवात. तू बोलायचं.

मी म्हणालो, गावात माणसं किती येणार? क्रांती चौकात हजारांनी येतात.

तो म्हणाला, "चौकात कोनीबी बोलतं, त्रिंबक. तिथं समद्यांचा होकारच हाय. गावात तुझ्या माणसांपुढं बोल. अठ्ठ्याहत्तरला आमची घरं जळत व्हती तवा तुमच्या आळीत समद्या कड्या आतून लावलेल्या व्हत्या. आता कोनीतरी आतला माणूसच भाईर येऊन बोलला पायजे. मी बोललो तर म्हणतील, ह्याचं कामच हाय."

मी होकार दिला. कड्यांचं खरं आहे. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि आतच होतो. आमची कडी आबांनी लावली होती, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय.

होकाराचं आणखी एक कारण: बानाआत्या गावातच राहते. सिंहाबद्दल तिला विचारता येईल. एका फेरीत दोन कामं.

१८ डिसेंबर, शनिवार

ब्रसेल्सचं उत्तर. संस्था हयात आहे. छापील पत्र. म्हणतात, सिंह आणि मुकुट 'अत्यंत व्यापक' चिन्ह आहे. म्हणजे घराणं मोठं होतं. पुढच्या संशोधनासाठी सोबतचा फॉर्म भरावा. एक रकाना आहे: 'किताब, असल्यास'.

तो रिकामा ठेवला. पेन्सिलने काहीतरी लिहून पाहिलं, मग खोडलं.

२२ डिसेंबर, बुधवार

भाषण तयार. नवा मुद्दा सुचलाय. मांडवात शेवटी जाहीर करायचं: "माझ्या अंगात युरोपातल्या उमरावाचं रक्त आहे आणि ते मी आज तुमच्या पायाशी ओततोय." लोक हेलावतील. आरशासमोर तीनदा म्हटलं. वच्छला दारात उभी होती. म्हणाली, "आधी रक्त हाय म्हणायचं, मग सोडलं म्हणायचं. नसतंच म्हटलं तर किती सोपं."

२६ डिसेंबर, रविवार. गाव, संध्याकाळ

सभा झाली. मी बोललो नाही. घसा बसला होता. बाकी उद्या.

२७ डिसेंबर, सोमवार

घसा. रजा टाकली.

२८ डिसेंबर, मंगळवार

ही वही दुसरं कोणी वाचत नाही. तेव्हा लिहितो.

सभेआधी आत्याकडे गेलो. सिंह तिच्या तळहातावर ठेवला. तिला नीट दिसत नाही. बोटं फिरवली आणि हसायला लागली. "अगं माय, ही अजून हाय व्हय? कडुबाची गुंडी."

म्हटलं, कोण कडुबा? म्हणाली, "तुझ्या सखारामाचा आजा. पलटणीत व्हता, बसऱ्याच्या लढाईवरून आला तवा अंगात कोट घालून आला. पितळंच्या सा गुंड्या. तुझा आजा मुंजाबा, त्याचं लगीन निघालं. सोयरे वैजापूरकडचे, ऐटीतले. नवरदेवाला कोट पायजे. आख्ख्या गावात कोट येकच, तोबी महारवाड्यात. मंग मागून आनला. शिवायचं नाय त्यांला, पन कोट चालला. लग्नात येक गुंडी तुटली. कोट पाच गुंड्यांचा वापस केला."

म्हटलं, आणि ही देव्हाऱ्यात कशी? "तुझ्या आजीला सापडली मागनं. परत द्यायची तर चोरी उघडी पडती. घरात ठिवायची तर इटाळ. मंग गोमूत्रानं धुतली आन देवात ठिवली. देव्हारा कोन हुडकतं?"

घाऱ्या डोळ्यांचं विचारलं. म्हणाली, "मोतीबिंदू रं बाबा. आपल्या घरात समद्यांलाच होतो. तूबी दाखवून घे."

इथवर लिहिणं सोपं होतं. आता ते लिहितो.

उमराव गेला, याचं वाईट वाटायला हवं होतं. किंवा हसू यायला हवं होतं. मी पंधरा वर्षं चौकाचौकांत बोलणारा माणूस. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: लहानपणी तापात मला या गुंडीवरचं पाणी पाजायचे. आणि जीभ आपोआप टाळूला चिकटली. क्षणभरच. पण आधी तेच आलं. आजीचं गोमूत्र माझ्यात अजून होतं, आणि ते पोचलं त्या जागी माझं एकही वाक्य पोचलेलं नव्हतं.

मग मांडवात गेलो. एका बाजूला आमची माणसं, दुसऱ्या बाजूला त्यांची, मध्ये माणूसभर जागा मोकळी. सखारामने नाव पुकारलं. मी घशाकडे बोट दाखवलं.

तो स्वतः बोलला. त्याला बोलता येत नाही, तिसऱ्या वाक्याला अडखळतो. आमच्या बाजूचे चारपाच जण उठून गेले. मी पहिल्या रांगेत, खिशात मूठ, मुठीत गुंडी. सभेनंतर सखारामची आई केसरबाई सुंठ आणि गूळ घेऊन आली. म्हणाली, "चघळ लेकरा, घसा मोकळा व्हईल. बोलून बोलून बसला असंल."

चघळला.

१ जानेवारी १९९४, शनिवार

नव्या वर्षाचे संकल्प: नाहीत.

ब्रसेल्सचा फॉर्म फाडला. पुंडलिक भाटाला निरोप पाठवला, सातव्या पिढीतला माणूस खोडावा. त्याने उलट निरोप धाडला: पेन्सिल होती, पण पुढच्या गावाला लोकांना दाखवताना शाईने गिरवली.

शॉपमध्ये सखारामला टाळतोय. डबा उघडला की तो माझी जागा राखतो. मी स्टोअरमध्ये काम काढतो.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

सकाळी रेडिओवर बातमी. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. जुनं नाव पुसलं नाही, त्याच्या आधी जोडलं. सोळा वर्षं लागली. भीमनगरकडून ढोलताशांचा आवाज येत होता.

गुंडी काडेपेटीत घातली आणि सखारामकडे गेलो. घर माणसांनी भरलेलं. केसरबाईने तिळगूळ दिला. मी काडेपेटी तिच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. ड्यूक, कब्रस्तान, भाट, सगळं. घशाचंही. फक्त जीभ टाळूला चिकटली ते सांगता आलं नाही.

सखारामने आईच्या हातातली काडेपेटी उघडून गुंडी पाहिली. मग म्हणाला, "आमच्या नामांतराला सोळा वर्षं लागली. तू दोन महिन्यांत करून आला, तेबी फ्रान्समधी." लोक हसले. तो हसला नाही.

केसरबाई आत गेली, पत्र्याची पेटी ओढत आणली. म्हणाली, अठ्ठ्याहत्तरला घरातून दोनच गोष्टी काढता आल्या, पोरं आणि ही पेटी. वर लुगडी, खाली कोट. पाच पितळी गुंड्या, सहाव्या जागी नारळाच्या करवंटीची, हाताने घासलेली.

"मामंजींना ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुझी आजी पाऊस पडला का त्या गुंडीची पूजा करती, हे बाया सांगायच्या. मामंजी म्हणायचे, मागू नका. देवळाच्या पायरीवर उभं करत नाय, पन आपला येक माणूस त्यांच्या देवात बसलाय. बसू द्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लई हसायचे."

तिने सुई ओवली. करवंटीची गुंडी उसवून माझ्या हातात दिली. "ही घिऊन जा. तुमच्या देव्हाऱ्यात जागा रिकामी झाली असंल."

निघताना सखाराम दारापर्यंत आला. म्हणाला, २३ तारखेला गावात पुन्हा मांडव आहे. तुला भाषण करायचं नाही. आत्ता घरात सांगितलं तेवढंच तिथं सांगायचं, तुझ्या माणसांपुढं.

म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "बघू नको."

२३ जानेवारी, रविवार, सकाळी ७

गंगापूरची एसटी सव्वाआठला. भाषण लिहिलं नाही. वच्छला येते म्हणाली, पहिल्यांदाच. देव्हाऱ्यात करवंटीची गुंडी तिने ठेवलीय, हळदकुंकू मी लावलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले.

घसा सकाळपासून तीनदा तपासला. ठीक आहे. दुर्दैवाने अगदी ठीक आहे.