पलीकडच्या किनाऱ्यासाठी सेल्समन

३ सप्टेंबर

आजपासून धंद्याला शिस्त. सेल्समन नेमला. नाव मोमोसे. शिशाची वजनं, रेनकोट, गळाच्या दोऱ्या असलं सगळं गाडीत घालून क्यूशू बेटभर दुकानं धुंडाळतो. त्यात आता माकूळ पकडायच्या माझ्या लाकडी कोळंब्या. विकेल त्यावर कमिशन. इतकी वर्षं माझं तत्त्व होतं की चांगला माल स्वतः बोलतो. बोलतो खरा, पण दुकानापर्यंत चालत जात नाही, एवढं आता पटलं.

त्याच्या हातात एक कोळंबी ठेवली. हलकं लाकूड, पोटाला शिसं, पाण्यात नाकावर जराशी झुकते. माकूळ वेडं होऊन मिठीच मारतं. पण हा पठ्ठ्या पाठ-पोट काही बघेना, नुसता डोळे बघत बसला. म्हणाला, "मालक, ही माझ्याकडेच बघतेय." म्हटलं, ती आमची खासियत.

डोळे हिसानो रंगवते. बायको. सध्या समोरच्या किनाऱ्यावर उशिबुकाला बहिणीकडे आहे, गुडघ्यासाठी. जूनपासून. येईल. तिचा चहाचा पेला इथेच आहे. आमचे पेले जोडीचे. माझा निळा मोठा, तिचा तांबडा लहान. कायमची जाणारी बाई पेला ठेवून जात नाही. ब्रश नेलेत, पण ती सवय.

४ सप्टेंबर

मोमोसेला ट्रेनिंग दिलं. मी शाळेत फार टिकलो नाही, पण कान तिखट आहेत. सांगितलं: दुकानदार "महाग आहे" म्हणाला तर बसून राहा, घेणार आहे. "नको" म्हणाला तर पुढच्या महिन्यात जा. पण हसून "विचार करतो" म्हणाला, की नमस्कार करायचा, बाहेर पडायचं आणि त्या दुकानावर काट मारायची. मोमोसेने लिहून घेतलं. होतकरू आहे.

खोक्यावर छापलंय: "एका माणसाच्या दोन हातांचं काम." मे महिन्यातल्या मेळ्यात मी माइकवर हेच वाक्य टाकलं होतं. टाळ्या! हिसानो शेजारीच उभी होती, लोकांना चहा देत. येताना तिला गाडी लागली असावी. घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

१९ सप्टेंबर

पहिला दौरा झकास. ऑर्डरी आल्या. डोळे रंगवलेला माल मात्र संपत आलाय. फळीवर आंधळ्या कोळंब्यांची रांग.

कल्पना सुचली. मोमोसेचा रस्ता उशिबुकावरूनच जातो. बोटीने अर्धा तास. हवा स्वच्छ असली की माझ्या खिडकीतून तिकडचा पूल दिसतो. मी स्वतः गेलो असतो, पण सीझन आहे. शिवाय मालकाने गिऱ्हाइकाच्या दारात जायचं नसतं, किंमत उतरते. आमचं लग्नसुद्धा मध्यस्थानेच जमवलं. पहिल्या भेटीत मी तोंड उघडलं नव्हतं. झालं की नाही?

मोमोसेकडून पाठ करून घेतलं: घर ठीक, मालकांची तब्येत उत्तम, धंदा तेजीत, निघून यावे.

२६ सप्टेंबर

उत्तम प्रगती! हिसानोने त्याला बसवलं, पर्सिमॉनचं फळ सोलून दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं म्हणे, "बोट बंद आहे का हल्ली?" तो म्हणाला, "नाही बाई, रोज चालू आहे." ती म्हणाली, "अस्सं."

बोटीची चौकशी करते म्हणजे यायचं चाललंय. लगेच धक्क्यावरून वेळापत्रक आणलं, उशिबुकाहून इकडे येणाऱ्या सोयीच्या बोटींवर लाल खुणा केल्या आणि मोमोसेच्या हाती दिलं. तो एकदा वेळापत्रकाकडे बघे, एकदा माझ्याकडे. सेल्समन चांगला आहे, पण थोडा मंद.

७ ऑक्टोबर

संकल्प: कुणावाचून अडून राहायचं नाही. डोळे स्वतः काढले. लाकडाला आकार देणाऱ्याला दोन ठिपके काय जड! एकूण छान जमले. किंचित बटबटीत.

मोमोसेने खोकं उघडलं, बंद केलं. "मालक, ह्या सगळ्या जणींनी एकदम सासू पाहिली का हो?" मी मोठ्याने हसलो. माणसांना खेळीमेळीने ठेवावं लागतं.

१५ ऑक्टोबर

माल परत. अकुनेचा दुकानदार म्हणाला म्हणे, "आधीच्या बघायच्या, ह्या दचकतात. माकूळ जवळ येतं, माफ करा म्हणतं आणि घरी जातं." पाणी अजून गरम आहे, दुसरं काही नाही.

१८ ऑक्टोबर

मोमोसेला पुन्हा उशिबुकाला पाठवलं, गुडघ्याला बांधायचा लोकरीचा पट्टा घेऊन. ह्या कामाचं वेगळं कमिशन देतो म्हटलं. "ह्या ऑर्डरवर नको, मालक," म्हणाला. भिडस्त.

रिपोर्ट: त्याच्यासमोर हिसानो तांदळाचं पोतं घेऊन जिना चढली. म्हणजे गुडघा बरा आहे. आनंद. निरोप दिला म्हणे, "कधीतरी माणूस दिसला तर बरं." मी विचारलं, कुठला माणूस? मोमोसे मान खाली घालून मुळ्याचं लोणचं चावत राहिला. मग माझ्या लक्षात आलं. जूनपासून तिने मला पाहिलेलं नाही! गावात जाऊन कोटात फोटो काढून घेतला. तीन पोज. हसरी पाठवली.

२ नोव्हेंबर

मोमोसेने एक कोळंबी पुढ्यात ठेवली. उशिबुकाच्या कुठल्याशा कारखान्याची. पोट जाड, शेपटी घाईघाईत उरकलेली. मी हात आखडून बसलो होतो. ती माझ्याकडे बघत होती.

खोक्यावर छापलेलं: "डोळे: हिसानो."

मोमोसे गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "मालक, ह्यांचाही माल घेतलाय मी. दुकानदार नावाने मागतात. तुम्हाला दुसरीकडून कळायला नको म्हणून आलो." म्हटलं, असलं काहीबाही छापल्याने खर्च वाढतो फक्त. तो म्हणाला, "हो, मालक."

संध्याकाळी जेवलो नाही. हवा पालटल्यामुळे.

६ नोव्हेंबर

मोठं मन करायचं ठरवलं. नवी खोकी छापून घेतली. "दोन हातांचं काम" तसंच ठेवून खाली, बऱ्यापैकी मोठ्या अक्षरात: "डोळे: पत्नी." आणि हे घेऊन मी स्वतः जाणार. मालक स्वतः! बघितल्यावर काय होतं बघाच.

मोमोसे म्हणाला, "मालक, रिकाम्या हाताने जा ना."

सॅम्पलशिवाय कुणी जातं का? अजून खूप शिकायचंय त्याला.

१४ नोव्हेंबर, दुपार

बोटीत लिहितोय. परतीच्या.

कोट घातला होता. दार तिच्या बहिणीने, तात्सुएने उघडलं. आत वळून ओरडली, "ताई, पाहुणे आलेत गं!" पाहुणे! हसलो. थट्टेखोर आहे पहिल्यापासून.

हिसानो आली. बोटांना हिरवा रंग. तब्येत छान. मला बैठकीच्या खोलीत, भिंतीलगतच्या मानाच्या जागी बसवलं. मी बोटीत तयारी केलेलं बोलायला लागलो. बाजार, सीझन, पाण्याचं तापमान, अकुनेचा दुकानदार. ती ऐकत होती. छान ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "बारीक झालात. फोटोत भरलेले दिसता."

मग खोकं ठेवलं पुढे. तिने चष्मा लावून वाचलं. एकदा, परत एकदा. रागावली नाही. खोकं सरळ करून ठेवलं आणि विचारलं, "ह्या पत्नीबाई कोण?"

मी म्हटलं, अगं, तू.

"हो का," म्हणाली आणि चहा आणायला उठली.

चहा आला. झाकणाच्या पेल्यात, लाकडी बशीवर, शेजारी कागदावर दोन मिठाया. आमच्या घरी झाकणाचे पेले वरच्या कपाटात असतात. बँकेचा माणूस आला की काढायचे, देवळाचे गुरुजी आले की काढायचे. तिच्या हातचा चहा मी झाकण उचलून आजवर प्यायलो नव्हतो. झाकण कुठे ठेवायचं तेही कळेना.

ती समोर बसून चहा प्यायली. जाडसर हिरवा पेला. कडेला टवका उडालेला. म्हणजे रोजचा.

मी म्हटलं, मग? कधी निघतेस?

ती हसली. खरंच हसली. "विचार करते."

मग भिंतीकडे बघितलं. माझं वेळापत्रक तिथे पिना टोचून लावलेलं, लाल खुणांसकट. "ही आत्ताची गाठा. सोयीची आहे." दारापर्यंत आली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मी कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हाही वाकलेलीच होती.

एकूण भेट समाधानकारक. विचार करते म्हणाली.

१५ नोव्हेंबर

सकाळी मोमोसेचा फोन. "मालक, काय झालं?" म्हटलं, सगळं उत्तम. नीट ऐकून घेतलं, चहा दिला, विचार करते म्हणाली.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मला वाटलं ऑर्डर लिहून घेतोय.

मग हळूच म्हणाला, "हसून म्हणाल्या का, मालक?"

हवा स्वच्छ आहे. पूल दिसतोय. तांबडा पेला काढून धुतला. कुणी वापरला नव्हता, तरी धुतला.