चाचणीची किल्ली

३ मार्च, मंगळवार
दादाची मेल पुन्हा कुलूपबंद — किल्लीचा पासवर्ड टाकल्याशिवाय अक्षरही वाचता येत नाही! ठरलंच आहे तसं. घरात कॉम्प्युटरचं मशीन एकच, आई दुपारभर त्यावर पत्ते खेळते, आणि तिच्या पोटातल्या गाठीचं तिला कळू द्यायचं नाही — हे दादाचं फर्मान. तिकडे परदेशात बसून फर्मानं काढायला काय जातं! दवाखान्याच्या चकरा मी मारते. आईच्या तोंडावर मी सांगते, पित्ताचा त्रास आहे म्हणून.

४ मार्च
सर्जन म्हणाले, "ऑपरेशनचं शुक्रवारी सांगा. आणि पेशंटशी कधी बोलणार तुम्ही?" दादाला कळवलं. त्याचं उत्तर — "म्हातारी खचेल. तू हो म्हणून टाक." मी! सही माझी, आणि काही बरंवाईट झालं तर बोलही मलाच.

५ मार्च
त्या मेल प्रोग्राममध्ये माऊस नाही, चित्रं नाहीत — काळा पडदा, अक्षरं, सगळा कारभार बटणांवर. आज चुकून भलतंच बटण दाबलं आणि उलगडलेल्या मजकुराऐवजी मेलचा कच्चा अवतार समोर आला. वर कुठून कुठे आली त्याच्या ओळी, खाली नुसता अगम्य अक्षरांचा ढिगारा. म्हटलं, बघू तरी हे कुलूप आहे कसलं. तो ढिगारा तसाच कुलपाच्या प्रोग्रामला तपासायला दिला. तर म्हणे, ही मेल तीन किल्ल्यांनी उघडते.

तीन! एक माझी, एक दादाची. तिसरीचं नाव 'चाचणी'. जुन्या मेल तपासल्या — सगळीकडे तीच.

वहिनीच! दुसरं कोण? मी इथे रडून-भेकून लिहायचं आणि तिने चहा पीत वाचायचं! तडक फोन लावला.

"हिला कशाला मध्ये ओढतेस?" दादा उखडला. "तुला शिकवण्याआधी तिथे आपल्या घरच्याच मशीनवर एक किल्ली करून पाहिली होती. माझ्या सेटिंगमधून काढायची राहिली असेल, म्हणून प्रत्येक मेलला लागतेय. कुणी वापरत नाही ती."

"पासवर्ड काय तिचा?"

"आठवत नाही गं. मी नव्हता टाकला बहुतेक."

बहुतेक! एवढा इंजिनियर, आणि बहुतेक! फोन आपटला. आतून आईचा आवाज — "एवढी ओरडू नकोस. घसा बसेल."

तिचा पत्त्यांचा डाव चालू होता.

६ मार्च, शुक्रवार
सकाळी मशीन लावलं. माझ्याच पत्त्यावरून आलेली कुलूपबंद मेल, मला आणि दादाला. उघडली.

"चाचणीचा पासवर्ड मी टाकला होता. दादाने टाकायला सांगितला, टाकला. ऑपरेशन नको. सर्जनना मी काल फोन करून सांगितलंय, तू आज जाऊ नकोस. दादाला म्हणावं, म्हातारी म्हणू नकोस. तुला खोटं बोलताना फार जड जात होतं, म्हणून त्या पित्ताच्या गोळ्या घेत राहिले. — आई"