छोट्या नळीतलं पाणी

बडोदे, बुधवार, २३ एप्रिल २०२५

चि. मानसिंगराव यास,

आशीर्वाद पाठवतो आहे. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तू बघ. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद वाजत तरी नाही.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण सकाळी खाली भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते आणि वर येऊन मला मराठीत अहवाल देते. दर रविवारी तुझा तिला फोन येतो, मला माहीत आहे. मी त्या वेळी मुद्दाम अंघोळीला जातो. परवा सांगत होती, तू डभोईहून कुठं निघालास की बस सुटायच्या आधी ड्रायव्हरला विचारतोस, ‘पाणी जोयुं के?’ पाणी बघितलंस का, म्हणून. ती हसत होती. मी चहा पीत होतो, पीत राहिलो.

गॅरेज आहे तिथंच आहे, जांबुव्याच्या पुढं, करजणच्या रस्त्याला. शेड आता पक्की झाली. लोक अजून म्हणतात, सुभानकाकांना गाडी दाखवू नका, ऐकवा. मीही ऐकल्यासारखं करून मान हलवतो. निम्मं आजारपण मालकाच्या बोलण्यातूनच कळतं, पण तो धंद्याचा भाग झाला.

सोमवारी एक जुना दहाचाकी ट्रक आला. वर कोट्याची फरशी, जायचं राजपिपळ्याला. दाहोदच्या चढावर तापमानाचा काटा लालमध्ये गेला. तिथून दर दहा किलोमीटरला थांबत, इंजिन निववत, पाणी ओतत ड्रायव्हरनं तो इथवर आणला आणि तो बरोबर आमच्या गेटात बंद पडला. अर्धा आत, अर्धा बाहेर. आतल्या तीन गाड्या आत अडकल्या, बाहेरच्या बाहेर. मी घरी जातो तो चाकांमधून वाकून.

मालक धवल, नडियादचा पटेल, मागोमाग मोटारीनं आला. उतरल्या उतरल्या म्हणतो, “काका, आनाथी पाणी नथी जोवातुं. तमे खाली हा पाडो, एटले हूं आने छूटो करूं.” म्हणजे हा पाणी बघत नाही, मी नुसतं हो म्हणायचं, की ड्रायव्हरची नोकरी गेली.

ड्रायव्हर रमाकांत, भुसावळकडचा, पन्नाशीचा माणूस. “शेठ, मी पाणी भरलं होतं,” एवढं म्हणाला आणि जाऊन बाकावर बसला. अजून तिथंच बसतो. रात्री केबिनमध्ये झोपतो, सकाळी परत बाकावर.

मी नेहमीच्या क्रमानं बघितलं. रेडिएटर उतरवून नळ्या सळईनं साफ केल्या, फारसा गाळ नव्हता. फॅनचा पट्टा ताठ. झाकण नवं. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडात बघितलं, बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. लांब पेचकस वॉटर पंपावर टेकवून मूठ कानाला लावली, बेअरिंग गोड फिरत होतं. सपाटीवर, रिकामी असताना गाडी गरम होत नाही. माल आणि चढ एकत्र आले की होते.

तुला एक विचारायचं होतं. त्या वेळी तुझा काटा सपाटीवर कुठं असायचा? तुला आठवत असेल.

जाऊ दे. आई आंबे आणवते आहे, तुझ्यासाठी बाजूला काढते आणि मग ते मला खावे लागतात.

तुझा,
दादा

*

शुक्रवार, २५ एप्रिल

मानसिंग,

परवाचं पत्र पाकिटात घातलं, पत्ता लिहिला आणि खिशातच ठेवलं. आता त्याच पाकिटात हे घालतो.

परवा मी लिहिलं, एक जुना ट्रक आला. वाचताना तुला कळलं असेल की माझ्यासारखा माणूस गाडीचा नंबर लिहायला विसरत नाही. नंबर ४४१७. रंग आता हिरवा आहे, पण डाव्या दाराचा खालचा कोपरा आबांनी हातोडीनं सरळ केला होता, तो तसाच वाकडा सरळ आहे. गेटातून अर्धा आत आला तेव्हाच मी ओळखला. आपला ट्रक आहे.

आबांनी विकल्यापासून इतकी वर्षं तो कोयलीच्या बाजूला सपाटीवर पिंपं वाहत होता, म्हणून कुणाला काही कळलं नाही. धवलनं ह्या वर्षी घेतला आणि लांबच्या रस्त्याला लावला.

आता पुढचं. सगळं तपासून झाल्यावर मी पेचकस त्या छोट्या नळीवर टेकवला. इंजिनाच्या डोक्यावरून पंपाकडे परत जाते ती, वीतभराची. थंड इंजिनात पाणी त्या जवळच्या वाटेनं फिरतं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट वॉल उघडतो, पाण्याला रेडिएटरची वाट देतो आणि ही छोटी नळी बंद करतो. म्हणजे तापल्यावर नळी गप्प बसली पाहिजे. ही बोलत होती. काटा चढत होता आणि नळी खळखळ बोलत होती. तापलेलं पाणी रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेनं परत इंजिनात जात होतं.

मी इंजिन बंद केलं, वॉलच्या घराचं झाकण उघडलं. घर रिकामं. वॉल नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पंचनं ठोकलेले दोन ठिपके.

ते ठिपके कोणाचे, हे तुला सांगायला नको. मी काम केलेल्या प्रत्येक झाकणाच्या आत ठोकायचो. तू चेष्टा करायचास, दादा सरकारी शिक्का मारतोय.

तुला तो एप्रिल आठवतो का, २०१३ चा? तू दाहोदची खेप घेणार होतास. मी म्हटलं, “बडोद्याच्या उन्हात वॉल कशाला? तो थंड मुलखाचा. काढून टाकतो, पाणी मोकळं फिरेल.” तेव्हा ह्या रस्त्यावरचा प्रत्येक मिस्त्री तेच करायचा आणि मी तर त्यावर नाव कमावलं होतं. गाडी गरम होते, सुभानकडे न्या, वॉल काढून देतो. तू तिथं उभा होतास. वॉल तुझ्याच हातात दिला. तू टेबलावर रॉकेलच्या डब्यात टाकलास.

चार दिवसांनी इंजिन जाम होऊन गाडी ओढून आणली. मी रेडिएटरचं झाकण काढलं, आत थेंब नव्हता. आबा समोर उभे. मी म्हटलं, “पाणी नव्हतं, आबा.” खोटं नव्हतं ते. उकळून गेलं की भरलंच नव्हतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही ते तिथंच सोडलं. तू म्हणालास, “दादा, पाणी मी भरलं होतं.” आबांनी हात पुढं केला. तू चावी दिलीस.

मला आवाजावरून बेअरिंग ओळखता येतं, मानसिंग. तुझ्या आवाजात खोट नव्हती. मला ते तेव्हाच ऐकू आलं होतं.

धवल आज पुन्हा आला. “काका, सीधुं बोलो ने. ड्रायवरनी भूल छे के नहीं?” मी म्हटलं, पार्ट यायचाय, बघून सांगतो. पार्ट कालच येऊन पडलाय, माझ्या टेबलाच्या खणात आहे. बसवायला तास पुरे. पण बसवला की गाडी सुरू होणार, आणि सुरू झाली की मला बोलावं लागणार. म्हणून गाडी गेटात तशीच आहे. पोरं म्हणतात, काका, ढकलून बाजूला तरी करू. मी म्हणतो, राहू दे.

दुपारी रमाकांतला चहा नेऊन दिला तर म्हणाला, “मिस्त्री, तुमचं घर कुठं?” नवापुरा, म्हटलं. “रोज चाकातून जाता-येता. कंबर धरंल.”

दादा

*

शनिवार, २६ एप्रिल, सकाळी

मानसिंग,

एक गोष्ट कालच्या पत्रातही टाळली. कालचं वाचून तुला वाटेल की वॉलचं मला ह्या आठवड्यात कळलं. तसं वाटावं असंच मी लिहिलं होतं.

२०१५ साली एका कंपनीनं आम्हा मिस्त्री लोकांना तीन दिवस शिकायला बोलावलं होतं. तिथल्या मास्तरनं फळ्यावर दोन वाटा काढल्या, लांबची आणि जवळची. म्हणाला, वॉल काढला की चढावर काय होतं बघा. वीस मिस्त्री बसले होते. मी एकटाच उठून बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरलं. सगळ्यांना वाटलं, उन्हानं.

तेव्हापासून मी एकही वॉल काढला नाही. ज्यांचे काढले होते त्यांना बोलावून परत बसवले, म्हटलं नवीन पद्धत आहे. सगळ्यांना बोलावलं. तुला नाही.

आबा त्यानंतर सात वर्षं होते. रोज संध्याकाळी एका खाटेवर बसायचो आम्ही. कधीही सांगता आलं असतं. शेवटच्या महिन्यात ते म्हणाले, “मानसिंगचा हात चांगला होता रे स्टेअरिंगवर. पाणी बघायचा आळस केला.” मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली. तू स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा राहून परत गेलास, ते मी बघितलं होतं. हाक मारली नाही. हाक मारली असती तर पुढचं बोलावं लागलं असतं.

काल संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. खाली बघतच म्हणाली, “मला काय सांगतोस? मी काय त्याच्याकडून चावी घेतली होती?” एक खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, हा टाकून दे बाहेर.

आज सातला शेड उघडली आणि स्वतः वॉल बसवला, झाकण तेवढं बाहेर ठेवलं. पोरं बाजूला उभी होती. धवल साडेआठला आला. सगळ्यांच्या देखत झाकण उलटं करून त्याला ठिपके दाखवले. म्हटलं, “ड्रायव्हरची चूक नाही. ह्यातला वॉल बारा वर्षांपूर्वी मी काढला. तेव्हा ही गाडी माझा भाऊ चालवायचा. त्याचीही चूक नव्हती. वडिलांसमोर दोष त्याला लागला, कारण मी बोललो नाही.”

धवलनं झाकण हातात घेतलं. “बार वरस पहेलां? काका, त्यारे तो हूं निशाळमां हतो.” शाळेत होता म्हणे. मग म्हणाला, “तो चार दिवस पार्टनी राह शुं काम जोई?” चार दिवस पार्टची वाट कशाला बघितली, म्हणे. पोरगा हुशार आहे. रमाकांतकडे वळून म्हणाला, “चलो, निकलो. राजपिपळा फोन कर देता हूं.”

मी वॉलचं झाकण लावून पाणी भरलं, तेव्हा रमाकांत बाकावरून उठला. मला वाटलं, मला काही बोलेल. त्यानं कळशी उचलली, रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी बघितलं, भरलेलंच होतं, झाकण लावलं. माझ्यासमोर. मग केबिनमध्ये चढला.

राजपिपळ्याला जायचं तर डभोईवरून जावं लागतं. हे पाकीट त्याच्याकडे देतोय. तुझ्या पेढीच्या दारात तो गाडी उभी करेल. फरशीचं वजन आहे, तो इंजिन बंद करणार नाही. मी सांगितलंय त्याला, माझा भाऊ बाहेर आला आणि त्यानं चावी मागितली, तर दे. रमाकांत म्हणाला, “देतो. शेठला सांगायचं नाही.” आणि तू नाही मागितलीस तर तो पाकीट देऊन पुढं जाईल. तेही बरोबरच असेल.

मी स्वतः का येत नाही, हे तू विचारशील. गाडी आता गेटातून बाहेर निघून रस्त्याच्या कडेला उभी आहे. गेट पाच दिवसांनी मोकळं झालं. तरी मी टेबलाशीच बसलोय. उठून येण्याइतकं धैर्य अजून जमलेलं नाही, तू येऊ दिलंस तर जमेल.

रमाकांत गाडी तापवतोय. मघाशी पेचकस त्या नळीवर लावून आलो, तेव्हा खळखळत होती. आता परत जाऊन ऐकून आलो. काटा मध्यावर आहे आणि नळी गप्प आहे.

तू पाणी भरलं होतंस.

दादा म्हणायचं की नाही ते तू ठरव. तोवर नुसता,

सुभान